पाइप न धुताच नळ सोडला

मा. संपादक,

कालच्या अंकात आमच्या गावच्या नळयोजनेच्या उद्घाटनाचा फोटो पाहिला. त्यातले पाणी स्वच्छ आहे, कारण तो नळ टाकीच्या पायथ्याचा आहे. माझे घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. तिथे काय आले तेही छापावे, ही विनंती.

खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. घरच्या नळाच्या गोड्या पाण्यात शिजवायची म्हणून आईने त्या दिवशी सकाळीच डाळ निवडून ठेवली होती. नळ सुटला आणि गुंडात काळा चिखल पडला. त्यात रेती, पाइप कापतानाचा प्लॅस्टिकचा कीस आणि कुजलेल्या बेडकाचे तुकडे. आई काही बोलली नाही. गुंड नालीत रिकामा केला, डाळ परत डब्यात भरली.

हे पाइप अख्खा पावसाळा रस्त्याच्या कडेला उघड्या तोंडाने पडून होते. पोत्याचा बोळा कोंबला असता तरी भागले असते! ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ‘आठ दिवस वाहू द्या काका, आपोआप साफ होते.’ होत नाही. तीन इंची पाइपातली रेती ढकलायला पाणी सेकंदाला मीटरभर तरी धावले पाहिजे, म्हणजे मिनिटाला अडीचशे लिटरच्या वर. माझ्या अर्ध्या इंची तोटीतून मिनिटाला एक बादली भरत नाही. मग ती रेती बसून राहते, नाहीतर हळूहळू सरकत शेवटच्या घरी येते.

घरोघरी जोडण्या देण्याआधीच टोकाचे टोपण काढून टाकीकडून एकेक तुकडा पूर्ण जोराने धुवायला हवा होता. मग टीसीएलचे (ब्लीचिंग पावडरचे) पाणी भरून २४ तास ठेवायचे, ते सोडून द्यायचे आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, घ्यायची. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसले पाहिजे. आमच्याकडे टेस्ट झाली ती टाकीजवळ. पाणी वाया जाईल म्हणून पाइप धुतले नाहीत, असे ग्रामसभेत सांगितले. गावाने आजवर किती गुंड नालीत ओतले, तेही मोजा.

आणि दारापुढची चर नीट दाबून बुजवलेली नाही. काळी माती खचली, परवा बैलगाडीचे चाक त्यात रुतले.

टोकाचे टोपण आमच्याच धुऱ्यावर आहे. उघडायला या, धुतलेले पाणी माझ्या वावरात सोडा. माझी हरकत नाही.

– एक शेतकरी वाचक, जि. अकोला