पिचर जिम ॲबट यांचा खेळही सांगा

महोदय,

दिव्यांग खेळाडूंविषयी आपल्या वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात त्यांच्या जिद्दीचे भरभरून कौतुक असते; पण ते नेमके कसे खेळतात, हे क्वचितच वाचायला मिळते. शाळेत बेसबॉल शिकवीत असताना मी मुलांना अमेरिकेतील डावखुरे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारे खेळाडू, जिम ॲबट यांची गोष्ट सांगितली, तेव्हा एका हाताला बोटे नसलेल्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारला तो ‘ग्लोव्ह कुठे ठेवायचा?’ हाच. (ग्लोव्ह म्हणजे चेंडू अडवायचा मोठा हातमोजा; तो चेंडू न टाकणाऱ्या हातात घालतात.) तो प्रश्न मनात घर करून राहिला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे १९६७ मध्ये जन्मलेल्या ॲबट यांना जन्मतः उजवा पंजा नव्हता. चेंडू टाकताना ते ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवीत आणि चेंडू सुटताक्षणी डावा हात त्यात सरकवीत. फटका त्यांच्याकडे आलाच, तर तो अडवून ग्लोव्ह उजव्या काखेशी दाबून धरीत, डाव्या हाताने चेंडू बाहेर काढीत आणि फलंदाज पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोहोचण्याच्या आत तो तिकडे फेकीत. लहानपणी भिंतीवर चेंडू मारता मारता ही हालचाल त्यांच्या अंगवळणी पडली होती. प्रतिस्पर्धी मुद्दाम ‘बंट’ करीत, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू त्यांच्या पुढ्यात सोडीत. त्यालाही ते पुरून उरले.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल हा प्रदर्शनीय खेळ होता आणि जपानविरुद्धची अंतिम लढत अमेरिकेला जिंकून देणारे पिचर ॲबटच होते. पुढच्याच वर्षी, मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या व्यावसायिक स्पर्धांत, एकही सामना न खेळता, ते थेट कॅलिफोर्निया एंजल्स या वरिष्ठ व्यावसायिक संघाकडून उतरले. ४ सप्टेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क यांकीज संघाकडून खेळताना त्यांनी क्लीव्हलँडच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेस गाठून देणारा फटका, मिळू दिली नाही. सहाच दिवस आधी याच संघाने त्यांची यथेच्छ धुलाई केली होती, हे मला त्या पराक्रमाइतकेच महत्त्वाचे वाटते.

१९९६ चा हंगाम मात्र प्रेरणादायी लेखांतून सहसा गाळला जातो. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय वा पराभव एका पिचरच्या नावावर मांडतात; त्या वर्षी त्यांच्या खात्यावर २ विजय आणि १८ पराभव जमा झाले, आणि १९९७ मध्ये ते मैदानाबाहेरच राहिले. तरीही १९९८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून परतून त्यांनी पाच सामने जिंकले, एकही गमावला नाही. १९९९ मध्ये ते मिलवॉकीच्या संघाकडे गेले, तिथे पिचरलाही फलंदाजी करावी लागे. एका हाताच्या पकडीवर त्यांनी दोन हिट मिळविल्या.

कारकिर्दीत ८७ विजय आणि १०८ पराभव, हा त्यांचा पूर्ण हिशोब आहे. आपल्या क्रीडापानावर पॅरा खेळाडूंविषयी लिहिताना त्यांची पकड, त्यांचा सराव आणि त्यांचे पडते हंगामही सविस्तर द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, अमरावती