तांब्यावरचा मुलामा

महोदय,

रोमच्या ऱ्हासावरील आपल्या रविवारच्या लेखात सगळा दोष रानटी टोळ्यांच्या माथी मारला आहे. मी ४० वर्षे सराफी केली, त्यामुळे मला आधी नाणे दिसते. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या देनारियसमध्ये, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यात, चांदी जवळजवळ शुद्ध. इ.स. ६४ मध्ये नीरोने कस उतरवला, आणि २६८ च्या सुमारास सम्राट गॅलिएनसच्या नाण्यात ५ टक्केही चांदी उरली नाही. तांब्यावर नुसता मुलामा! (आमच्या वडिलांनी असले नाणे आणणाऱ्याला पेढीची पायरी चढू दिली नसती.) सैन्याचे पगार भागवायला ही युक्ती. महागाई भडकली. सम्राट डायोक्लेशनने ३०१ मध्ये भाव बांधून दिले, जादा घेणाऱ्याला देहदंड ठेवला. तरी भाव चढतेच. पश्चिमेतला शेवटचा सम्राट पदच्युत झाला ४७६ मध्ये, म्हणजे भाव बांधल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

– एक निवृत्त सराफ, कोल्हापूर