जनगणनेच्या नोंदीत आई कोण?

संपादक महोदय,

व्हिक्टोरियाकालीन जनगणनांवरून इंग्लंडमधल्या एखाद्या घराचा माग कसा काढावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख उपयुक्त आहे. मात्र कुटुंबप्रमुख, बायको आणि खाली मुले अशी नोंद दिसली की ती मुले त्या बायकोचीच, असे त्यात धरून चालले आहे. वंशावळी फसतात त्या बऱ्याचदा इथेच.

१८५१ पासूनच्या नोंदवह्यांत नाते लिहिलेले असते ते फक्त कुटुंबप्रमुखाशी. १८६१ च्या पानावर बायको २७ वर्षांची आणि थोरला मुलगा १४ वर्षांचा असेल, तर ती त्याची आई नाही हे उघड आहे. फरक इतका ढळढळीत नसेल तेव्हा दोन भावंडांमधले मोठे अंतर आणि बदललेले जन्मगाव पाहावे. नऊ वर्षांचा पोरगा ‘सन-इन-लॉ’ म्हणून आढळला तर चक्रावू नये. सावत्र मुलालाही तेव्हा तसेच लिहीत.

खात्री हवी तर प्रत्येक मुलाची जन्मनोंद काढावी. जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्म, लग्न, मृत्यू नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) ऑनलाइन सूचीत १८३७ पासून आईचे माहेरचे आडनाव दिले आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळते, तेव्हा तिच्यात वेळ घालवू नये. एक माहेर संपून दुसरे सुरू होते त्या दोन जन्मांच्या मधल्या काळात पहिलीचा मृत्यू आणि दुसरे लग्न शोधायचे. माहेरच्या आडनावाचा रकाना कोरा असेल तर मूल बहुधा विवाहबाह्य. १८७५ पूर्वी जन्म कळवण्याची जबाबदारी आईबापांवर नव्हती, त्यामुळे काही मुले या सूचीत नसतातच. मग बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळाव्या लागतात, पण त्यांत आईचे सहसा नुसते नाव असते.

१८४१ ची जनगणना तर निराळीच. नात्याचा रकानाच नाही आणि १५ वर्षांवरची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली: ३९ चा माणूस ३५ चा. (सगळ्याच गणकांनी ही सूचना पाळली असेही नाही.) ‘३५’ आणि ‘३०’ हे नवराबायको की भाऊबहीण, हे त्या पानावरून ठरत नाही.

टंकलेल्या उताऱ्यावर विसंबू नये, मूळ पान उघडावे. बेरजा करताना कारकुनांनी वयांवरच रेघा मारल्या आहेत, त्यामुळे आकडे चुकीचे वाचले जातात. नावांजवळ एक तिरपी रेघ म्हणजे कुटुंब संपले, दोन म्हणजे इमारत संपली. रेघ दिसेपर्यंत पुढचे पानही पाहावे. धाकटी मुले अनेकदा तिथे गेलेली असतात. टिपून घेताना मालिका (१८६१ ची आरजी ९), पीस (मालिकेतल्या खंडाचा क्रमांक), फोलिओ (दोन्ही बाजू मिळून एका कागदाचा क्रमांक) आणि पान हे चारही लिहावेत. फोलिओचा शिक्का एकाआड एक पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. शिक्का नसलेल्या पानाला आधीच्या पानाचाच फोलिओ लागू होतो.

आपला,
एक वाचक