सतरा आठे

फोंडा, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काही सांगायला जावं तर तू ‘हं, बोल’ म्हणत भाजी चिरत असतेस. म्हणून लिहिते आहे. बाळ झोपलं की बसून वाच.

रजेचे २६ आठवडे संपले, सोमवारी तू कामावर रुजू होतेस. परवा विचारलंस, ‘आई, तू गं कसं सगळं एकदम करायचीस?’ ते ऐकून मला अपराधी वाटलं, कारण मला ते जमत नव्हतं. तू चौथीत होतीस तेव्हाची एक संध्याकाळ मी विसरले नाही. एका शेगडीवर उकडे तांदूळ, दुसरीवर हुमण, ओट्यावर सहामाहीचे पेपर आणि समोर तू पाढे म्हणत होतीस. ‘सतरा आठे एकशे सव्वीस’ म्हणालीस, आणि मी, गणिताची बाई, ‘बरोबर, पुढे’ म्हणाले. त्याच पेपरांत एका मुलाचे दहा गुण माझ्या बेरजेतून गळले. तो बिचारा पेपर घेऊन कितीतरी वेळ टेबलाशी नुसता उभा होता. आणि तू परीक्षेत तेच सव्वीस लिहून आलीस. ‘तूच बरोबर म्हणालीस’ म्हणून किती रडलीस! त्या दिवसापासून पेपर स्वयंपाकघरात नेले नाहीत.

डोकं दोन कामं एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतं. २००१ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. दर उडीला वेळ जातो, आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितका जास्त जातो.

जी कामं आपापली होतात ती जोडीनं चालू देत. अळसांदे रात्री भिजत घाल, तांदूळ शिजत असताना कपडे वाळत घाल. पण हिशेब, ऑफिसचा मेल आणि बाळाचं औषध यांच्या जोडीला काही नको. सोमवार शिवराक, बिनमासळीचा असतो, तसे बाकीच्या वारांचेही बेत ठरवून टाक, म्हणजे ‘आज काय करू’ हा रोजचा घोर जातो. मासळी कोळणीकडून कापूनच घे. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजेपर्यंतची पहाट मी स्वतःसाठी ठेवायचे, तुला जमलं तर तूही ठेव. आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी कायद्यानं मिळते, ती संकोच न करता माग.

एक मात्र मी फार उशिरा शिकले. मी बाबांना अर्धी कामं द्यायचे. मासळी ते आणायचे, पण कुठली, किती, कधी हे माझ्या डोक्यात. माझा हात मोडून प्लास्टर घातलं तेव्हा बाजार पुरता त्यांच्यावर पडला. पहिले आठ दिवस रोज बांगडेच आले. मग ते सुंगटं निवडायला शिकले, भाव करायला शिकले, आणि माझ्या डोक्यातला बाजार कायमचा गेला. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. त्यात नुसतं आठवत राहण्याचा वेळ कुणी धरला असेल असं मला वाटत नाही. म्हणून जावयांना सगळं काम दे. लसीकरणाचं कार्ड त्यांच्याकडे असू दे. नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची लस, ती तारीख त्यांनीच लक्षात ठेवायची. तू आठवण करायची नाहीस. पहिल्यांदा जीव वरखाली होईल, तरी नाही.

सोमवारी सकाळच्या कदंब बसनं मी ताळगावला येते. बाळाला दिवसभर मी बघीन, पण स्वयंपाक करणार नाही, आधीच सांगते. ते माझ्याकडे असेल तेव्हा गॅस बंद असेल. भात तुम्ही दोघं आल्यावर लावा.

तुझी,
आई

ता.क. सतरा आठे एकशे छत्तीस.