शेवटच्या तुषाराच्या सहा आठवडे आधी

म्हार्दोळ, ता. फोंडा, गोवा
5 जानेवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फुलांच्या बियाण्यांच्या पाकिटांवरील चुकीच्या आणि धोकादायक मराठी सूचना

महोदय,

ऑक्टोबरमध्ये मी आपल्याकडून थंडीतल्या फुलांचा सात पाकिटांचा संच 649 रुपयांना मागवला. पावती आणि पाकिटांचे फोटो सोबत जोडले आहेत. त्यातली काही फुले उगवलीच नाहीत म्हणून आपल्याकडे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "पाणी जास्त झालं असेल" एवढेच कारण ऐकायला मिळाले. पाणी घालायला मला येते. आमचे गाव जाईच्या फुलांसाठी ओळखले जाते आणि आमच्या परसात जाई, अबोली मी लग्न होऊन येण्याच्याही आधीपासून आहेत. माझी तक्रार बियाण्याबद्दल नाहीच, पाकिटामागच्या मजकुराबद्दल आहे.

लार्कस्परच्या पाकिटावर छापले आहे : 'शेवटच्या तुषाराच्या सहा आठवडे आधी थेट जमिनीत पेरा.' मी हे शेजारच्या काकांना वाचून दाखवले. त्यांच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, तुषार सिंचन आहे. ते म्हणाले, "आणि ठिबक असेल त्याने काय करायचं?" इंग्रजी बाजू वाचल्यावर उलगडा झाला, की 'फ्रॉस्ट'चे 'तुषार' केले आहे, आणि पाणी गोठते त्या थंडीबद्दल हे चालले आहे. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा 20 अंशांच्या आसपास असतो. पहिलाच तुषार पडत नाही, तर शेवटचा कुठून आणू? आणि त्याच पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'संपूर्ण भारतासाठी योग्य'!

शेवटी माझे मीच ठरवले. परतीचा पाऊस संपला, तुळशीचे लग्न झाले, आणि 9 नोव्हेंबरला, रविवारी, वाफे केले. लाल माती, जुने शेणखत, थोडी रेती. सातही पाकिटांवर खोली एकच, अर्धा इंच. नॅस्टर्शियम आणि कॅलेंड्युला दहा दिवसांत वर आले. पॉपीचे एकही रोप नाही. पॉपीचे बी खसखशीएवढे, ते मातीवर नुसते भुरभुरायचे, त्याला उजेड लागतो, हे मला नंतर समजले. मी ते आपल्या सांगण्यावरून पुरले होते. लार्कस्परला उलट अंधार हवा. तो मिळाला, तरी तेही आले नाही.

मग उरलेल्या लार्कस्परच्या 40 बिया मोजून काढल्या. 20 ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या, 20 तशाच फडक्यात फडताळात. तीन आठवड्यांनी उघडून पाहिले, तर फ्रिजमधल्या 11 बियांना पांढरे मोड, टाचणीच्या टोकाएवढे. फडताळातल्यांवर नुसती बुरशी. म्हणजे बी जिवंत होते, त्याला गारवा हवा होता. माती 18 अंशांपेक्षा जास्त तापलेली असली की लार्कस्पर रुजायला कुरकुरते. पेरण्याआधी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, एवढी एक ओळ आपण छापू शकला असता. 'रोप उपटून दुसरीकडे लावू नका' हे मात्र बरोबर छापले आहे, सोटमूळ दुखावले की ते जगत नाही. पण उपटायला आधी रोप तर हवे.

आता जे आधी लिहायला हवे होते ते. स्वीट पी या फुलवेलीच्या पाकिटावर मराठी नाव 'गोड वाटाणा' असे आहे आणि खाली 'रात्रभर पाण्यात भिजवा'. त्याप्रमाणे शनिवारी रात्री मी ते वाटीत भिजत घालून ओट्यावर ठेवले, पाकीट शेजारीच. सकाळी पाहते तर सासूबाईंनी टोणाकासाठी, म्हणजे रस्साभाजीसाठी, भिजवलेल्या वाटाण्यांत ती वाटी ओतायला उचललेली! "गोड वाटाणा लिहिलंय गो, मला वाटलं नवीन काहीतरी आणलंस," त्या म्हणाल्या. तपकिरी, मिऱ्यापेक्षा जरा मोठे दाणे, भिजून फुगलेले. चष्म्याशिवाय कोणीही फसेल. स्वीट पीचे बी विषारी असते. लार्कस्परचेही. सातपैकी एकाही पाकिटावर तसा इशारा नाही.

मला 649 रुपये परत हवेत. आपल्या माणसाने देऊ केलेले पुढच्या खरेदीवरचे कूपन नको. 'गोड वाटाणा' हे नाव काढावे आणि 'विषारी, खाण्यासाठी नाही' हे मराठीत दिसेल अशा जागी छापावे. किनारपट्टीवर काय कधी पेरायचे तेही सांगावे, आणि जे इथे होणारच नाही ते इथल्या पत्त्यावर विकू नये. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, चौकशी केली आहे.

दुकानांत सध्या असलेल्या स्वीट पीच्या पाकिटांचे काय करणार, हे आधी कळवा. पैशांचे नंतर पाहू.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावती, सात पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो, मोड आलेल्या बियांचा फोटो