कॅमेऱ्यांच्या यादीऐवजी फोटोंची चिकित्सा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपल्या पुरवणीत 'नवोदितांनी कोणता कॅमेरा घ्यावा' हा लेख वाचला. मॉडेल, मेगापिक्सेल, किमती, सगळे व्यवस्थित दिले होते. फोटो चांगला कसा होतो, यावर मात्र शेवटी जेमतेम दोन ओळी. लेख खरे तर त्या दोन ओळींवरच व्हायला हवा होता, म्हणून हे पत्र.

माझे वाईत औषधांचे दुकान आहे. काउंटरमागच्या भिंतीवर मी काढलेले आणि गावातल्या मुलामुलींनी काढलेले फोटो बारा बाय अठरा इंचांच्या आकारात लावलेले असतात. त्यामुळे गोळ्या न्यायला आलेली पोरे हटकून विचारतात, "काकू, कोणता कॅमेरा घेऊ?" बजेट सांगतात, यूट्यूबवर ऐकलेली दोन-तीन नावे घेतात. फोटो कशाचे काढायचे आहेत, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून स्वतःसाठी औषध मागण्यातलाच हा प्रकार.

इथून जवळच बावधन आहे. रंगपंचमीला तिथे भैरवनाथाचे बगाड निघते. तो भला थोरला लाकडी गाडा बैल शेतांतून ओढत गावाकडे नेतात. एका मुलाने काढलेला बगाडाचा फोटो मी दुकानात लावला होता. बैलांची शिंगे, उधळलेला गुलाल, मागे आभाळात गेलेले शीड (बगाडाचा उंच लाकडी खांब); रंग सुरेख उतरले होते. येणारा जाणारा वाहवा करत होता. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले एक शेतकरी मात्र बराच वेळ फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बैल झ्याक आल्यात. पण खुरं कुठं हायती? जोर खुरांत असतुय. ह्यो बैल वढतोय का नुसता हुबा हाय, काय कळंना." तो मुलगा तिथेच होता. फोटो उभ्या उंचीवरून घेतलेला असल्याने बैल गुडघ्यांपाशी कापले गेले होते, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आले नव्हते.

पुढच्या वर्षी तोच मुलगा, तोच कॅमेरा, तीच साधी १८-५५ मिमीची झूम लेन्स. या खेपेला तो बाजूच्या बांधाखालच्या वावरात उतरला. तिथे कॅमेरा आपोआप खुरांच्या पातळीला आला. नव्या फोटोत खूर ढेकळांत रुतलेला दिसतो, मागच्या पायाची शीर ताणलेली दिसते, उडालेली माती हवेतच थांबलेली दिसते. नवी लेन्स घेऊन हे झाले नसते. बैल ओळखणाऱ्या माणसाचे एक वाक्य कामी आले.

त्या दिवशीच्या उन्हाबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण नवशिके इथेच अडतात. बगाडाला बहुतेक लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, खिलार बैलही पांढरेच. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकटीत पांढरे जास्त झाले की तो फोटो काळवंडवतो; काळी म्हैस चौकट भरून घेतली की तिला राखाडी करून टाकतो. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचे, काळ्यासाठी घटवायचे. प्लस-मायनसची ही सोय स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर असते, फोनच्या पडद्यावरही असते. भर उन्हात तर मीटरकडे न बघताही भागते. लेन्सचे छिद्र एफ/१६ ठेवले (आकडा मोठा तसे छिद्र लहान) की शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका: आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. एफ/८ केले तर उजेड दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढतो, म्हणून शटर १/८००. उडणारी ढेकळे थांबली ती याच हिशेबाने.

आता कॅमेऱ्याबद्दल. निकॉनचा डी३१०० हा २०१० सालचा, १४ मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्याच्या फोटोची लांबी ४६०८ पिक्सेल. अठरा इंचांच्या प्रिंटवर पसरली तर इंचाला २५६ येतात, आणि भिंतीवर लावायला तेवढे पुष्कळ होतात. आपल्या वर्तमानपत्रात तीन कॉलमांत छापायला तर याहून कितीतरी कमी लागतात. कॅनन आणि निकॉन या दोघांचाही भर आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) असल्याने चांगले डीएसएलआर, म्हणजे आरशाचे कॅमेरे, विकायला काढणारे पुष्कळ भेटतात. विद्यार्थ्यांनी असा वापरलेला कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तपासून घ्यावा. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. आत बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, मग स्वस्त असली तरी नको. लेन्स एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. आणि निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स घेऊ नये. या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस, म्हणजे स्वतःची मोटर असलेली, लेन्सच बघावी. दुकानदार हे दर वेळी सांगतोच असे नाही. एका मुलीला तर बॅग, फिल्टर आणि हलका ट्रायपॉड यांचा 'सेट' गळ्यात मारला गेला. तेवढ्या पैशांत तिला ३५ मिमीची एक चांगली जुनी लेन्स मिळाली असती.

फोन असेल तर फोनवर शिकावे. बहुतेक फोनांत छिद्र बदलता येत नाही, लांबचे ओढायला गेले की चित्र फुटते, या मर्यादा आहेत. पण कुठे उभे राहायचे आणि उजेड कुठून येतो, हे फोनवरही तितकेच शिकता येते.

आमच्याकडच्या पावसाळ्याचाही आपल्या लेखात उल्लेख हवा होता. चामडी केसमध्ये लेन्स ठेवली तर ओल धरून बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. गोळ्यांच्या बाटलीतल्या चिमुकल्या पुड्या पुरत नाहीत. रंग बदलणारे निळे खडे आणावेत. ओल शोषून ते गुलाबी झाले की मंद आचेवर तापवावेत, पुन्हा निळे होतात. (माझ्याकडे मुले आता डोकेदुखीची गोळी कमी आणि सिलिका जेल जास्त मागतात, याचा मला मनापासून आनंद आहे.)

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात रोलायफ्लेक्स असे. त्या कॅमेऱ्याला झूम नाही, आणि १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलवर फोटो बाराच. मी मुलांना तेच करायला सांगते: लेन्सचे झूमचे कडे ३५ मिमीवर चिकटपट्टीने बांधा, गणपती घाटावर जा आणि बारा फोटो काढून परत या. बहुतेक जण ढोल्या गणपतीचे देऊळ समोरून टिपतात. कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून या देवळाची मागची भिंत मत्स्याकार बांधली आहे. हे ज्याला ठाऊक असते तो वळसा घालून मागे जातो, आणि त्याचा फोटो इतरांपेक्षा वेगळा येतो.

आपल्याकडे माझी मागणी अशी: आपण दरवर्षी छायाचित्र स्पर्धा घेता आणि निवडक फोटो छापता. न निवडलेल्यांना आपले काय चुकले, हे कधीच कळत नाही. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला वाचकाचा एकच फोटो घ्या. सोबत लेन्स, छिद्र, शटर, आयएसओ द्या. आपल्या छायाचित्रकारांनी त्यावर भीडभाड न ठेवता चार ओळी लिहाव्यात: काय कापले गेले, उजेड कुठे हुकला, कुठे उभे राहायला हवे होते. त्याखाली त्या विषयातल्या माणसाचे मत घ्या. बैलाच्या फोटोवर शेतकऱ्याचे, चाकाच्या फोटोवर कुंभाराचे, होडीच्या फोटोवर कोळ्याचे. लहान गावातल्या मुलांना फोटोग्राफीचा क्लास परवडत नाही आणि जवळपास नसतोही. वर्तमानपत्र मात्र घरी येते. कॅमेऱ्याच्या मॉडेलचे नाव छापू नका, एवढीच अट घालावीशी वाटते.

सुरुवातीसाठी त्या मुलाचे दोन्ही फोटो, खुरे कापलेला आणि खुरांसकटचा, शेजारी शेजारी छापता येतील. त्याची तयारी आहे. आपण होकार कळवलात की मूळ फाइली पाठवते.

आपली नित्य वाचक,
वाई, जि. सातारा