आमच्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

घरी आलात की आभार मानू देत नाही, "माझं कामच आहे ते" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या देणं, नऊ तारखेच्या तपासणीला नेणं हे तर तुम्ही सगळ्यांसाठीच करता. माझे आभार वेगळ्या गोष्टीसाठी आहेत. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलं, "बाळाचे बाबा कुठं आहेत?" हे मोहफुलं वेचून नुकतेच आले होते, अंगणात टोपली रिकामी करत होते. त्यांना समोर बसवून तुम्ही माझं माता-बाल कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि वाचायला लावलं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा माझा रिपोर्ट एएस, म्हणजे आजार नाही पण वाहक, असा आला तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली होती. आपल्या गडचिरोलीकडे हा आजार नवा नाही, पण बोट नेहमी सुनेकडेच जातं. तुम्ही सासूबाईंसमोर समजावलं, की एकटी आई वाहक असेल तर बाळाला आजार होत नाही. दोघंही वाहक असले तर मात्र दर खेपेला चारात एक धोका असतो. म्हणजे यांचं रक्त तपासल्याशिवाय माझ्या रिपोर्टवरून काही ठरतच नव्हतं. हे दुसऱ्याच दिवशी गेले. त्यांचा नॉर्मल आला आणि कुजबुज थांबली. त्या एका तपासणीनं माझ्या मनावरचं किती ओझं उतरलं, हे मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

मग समाजमंदिरात तुम्ही फक्त पुरुषांची बैठक घेतली. सुरुवातीला पोरं लाजून खाली बघत होती म्हणे. पण कोणाची गाडी रात्री मिळेल, कोणाचा रक्तगट कोणता, नाल्याला पूर आला तर कोणत्या वाटेनं निघायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं आणि फलकावर लिहिलं. तो फलक अजून तिथंच आहे, नवीन नंबर जोडले जातात.

भाताचा रोवणा आटोपत आला होता, तेव्हा रात्री माझं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं धूसर दिसायला लागलं, तोंड सुजलं होतं. सासूबाईंना वाटलं पित्त असेल, सकाळी बघू. हे म्हणाले, "नाही, हे ताईंनी सांगितलेलं लक्षण आहे." कोणाला विचारत बसले नाहीत. १०८ ला फोन लावला, गाडी यायला वेळ होता म्हणून फलकावरच्या पहिल्या नंबरवाल्याला उठवलं. दवाखान्यात बीपी मोजल्याबरोबर डॉक्टरांनी धावपळ सुरू केली. पोरगी महिनाभर आधीच झाली, एक किलो नऊशे ग्रॅमची.

घरी आल्यावर तुम्ही यांना शर्ट काढायला सांगितलं तेव्हा शेजारच्या बाया हसल्या होत्या. नुसतं लंगोट-टोपडं घातलेली पोर त्यांच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून माझं लुगडं गुंडाळलं. बाळाला ऊब मिळते, आईलाही झोप मिळते, असं तुम्ही म्हणालात. हे खाटेला टेकून तासन्‌तास तसेच बसायचे, हलायचेसुद्धा नाहीत. मी जेवून, अंघोळ करून, डुलकी काढून यायची. अंगावरचं दूध तेवढं माझं काम, बाकी ऊब दोघांची.

तुम्ही ठरल्या दिवशी येत राहिलात, सातव्या, चौदाव्या, पुढं बेचाळीसाव्या दिवसापर्यंत. वजन करायचं, ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा त्यावर गेले तर वाट बघत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे यांनाही मोजून दाखवलं. घरी जाऊन नवजात बाळ जपायची ही पद्धत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, गावातल्याच बायांना शिकवून उभी केली. २०११ पासून देशभरातल्या आशा ती करतात. याचा मला अभिमान वाटतो, आणि तुम्हाला त्या कामाचा मोबदला वेळेवर मिळत नाही याचा रागही येतो. ग्रामसभेत हे बोलणार आहेत त्यावर, मीही उठणार आहे.

आता या गल्लीत कोणाला दिवस गेले की पोरं यांच्याकडे येऊन विचारतात, कार्डात काय बघायचं. हे सांगतात, आणि मग तुमच्याकडे पाठवतात.

मे महिन्यात पोरीचा गोवर-रुबेलाचा डोस आहे. मी तेंदूपत्त्यावर असेन, तिला घेऊन हेच येतील. कार्ड त्यांच्याजवळच असतं.

तुमची,
गावातली एक आई